अळ्यांचा डबा

गेल्या महिन्यात माय सोनगीरहून पुण्याला आली. सोबत नेहमीप्रमाणे दोन मोठ्या पिशव्या. एकीत कळण्याचं पीठ, दुसरीत घरची दादर. आल्या आल्या तिने आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. दोन इंजिनियर पोरांचं स्वयंपाकघर कसं असतं ते तुम्हाला माहीत आहेच, त्यामुळे त्याबद्दल काही लिहीत नाही.

फ्रीजवर तीन प्लॅस्टिकचे डबे होते. झाकणांना बारीक भोकं पाडलेली. तिने एक उघडला. आत गव्हाचा कोंडा, आणि कोंड्यात वळवळणाऱ्या शेकडो पिवळ्या अळ्या.

माय किंचाळली वगैरे नाही. गावाकडच्या बायका अळ्यांना घाबरत नाहीत. तिने शांतपणे डबा उचलला आणि कचऱ्याच्या बादलीकडे निघाली. मी लॅपटॉप सोडून धावलो. "माय, थांब! त्या पाळलेल्या आहेत!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नोकरी सोडल्याचं सांगितलं असतं तरी तिने इतकं आश्चर्य दाखवलं नसतं. मग म्हणाली, "आम्हनी जिंदगी दाणामधल्या अळ्या येचामा गयी, नि तू त्यासले कोंडा चारी ऱ्हायना?"

(अहिराणी न कळणाऱ्यांसाठी: आमचं आयुष्य दाण्यातल्या अळ्या वेचण्यात गेलं, आणि तू त्यांना कोंडा चारतोयस?)

तेव्हा मी हसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. दाण्यातली अळी वेचणाऱ्यांच्या घरात ती पाळणारा कुठून आला? मी एकटाच का? की आधीही कोणी हा उद्योग केलाय? दोन वीकेंड त्यात घालवले, आणि जे सापडलं ते शेवटी आमच्याच शेताच्या बांधावर येऊन पोचलं. म्हणून हा लेख.

आधी डब्यातल्या मंडळींची ओळख. डबे माझ्या रूममेटचे. त्याच्याकडे फिश टँक आहे, टँकमध्ये दोन ऑस्कर मासे आहेत, आणि ऑस्करसाहेबांना जिवंत खाऊ लागतो. हा खाऊ म्हणजे मीलवर्म. नावात वर्म असला तरी हा जंत नव्हे, एका काळ्या भुंग्याची अळी आहे. टेनेब्रिओ मोलिटर. हे नाव लिनियसने १७५८ साली दिलं. टेनेब्रिओ म्हणजे अंधारात राहणारा आणि मोलिटर म्हणजे दळणारा. गिरणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सांडलेल्या पिठावर जगणाऱ्या प्राण्याला याहून चांगलं नाव मिळालं नसतं.

पाळायला एकदम सोपा. गव्हाचा कोंडा हेच त्याचं घर आणि हेच जेवण. पाण्यासाठी वाटी ठेवायची नाही, ठेवली तर कोंडा ओला होऊन बुरशी धरते. त्याऐवजी गाजराची किंवा बटाट्याची चकती टाकायची, दोन दिवसांनी काढून नवीन टाकायची. गुळगुळीत प्लॅस्टिकवर अळीला चढता येत नाही, त्यामुळे ती पळून जात नाही. अंड्यातून आठ-पंधरा दिवसांत अळी निघते, दोन-तीन महिने खाते, कातडी टाकत टाकत वाढते, मग कोष होतो आणि कोषातून भुंगा. मादी शेकड्याने अंडी घालते. एक काळजी मात्र घ्यावी लागते. कोष वेगळे काढले नाहीत तर भुंगे आणि अळ्या ते खाऊन टाकतात. म्हणून तीन डबे. एक भुंग्यांचा, एक अळ्यांचा, एक कोषांचा. डेव्हलपमेंट, टेस्टिंग आणि प्रॉडक्शन वेगळं ठेवतात तसंच :-)

युरोपात पक्षी आणि सरडे पाळणारे लोक ही अळी कितीतरी काळ वापरत आलेत. प्रयोगशाळांनाही ती आवडते. १९३० च्या आसपास बक्स्टन आणि मेलनबी या दोन इंग्लिश शास्त्रज्ञांनी कोरड्या पिठात राहणारी ही अळी अंगातलं पाणी कसं जपते याचा अभ्यास केला होता. २०१५ साली चिनी आणि अमेरिकन संशोधकांनी दाखवलं की ही अळी थर्माकोलसुद्धा खाते. शंभर अळ्या दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम. आणि २०२१ च्या जूनमध्ये युरोपियन युनियनने वाळवलेली मीलवर्म माणसाच्या खाण्यासाठी मंजूर केली. हे शेवटचं मी मायला सांगितलेलं नाही.

आता मायची बाजू ऐका.

सोनगीर मुंबई-आग्रा रस्त्यावरचं गाव. धुळ्याहून शिरपूरकडे निघालात की टेकडीवरचा किल्ला दिसतो, आणि रस्त्याने तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं. बाहेरच्यांना सोनगीर माहीत असतं ते या भांड्यांमुळे. आमच्या घरातही पितळी डबे होते, पण वर्षाचं धान्य डब्यात मावत नाही. ते कणगीत. बांबूची किंवा तुरकाट्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली कणगी.

आणि धान्य भरणं म्हणजे नुसतं ओतणं नाही. उन्हाळ्यात ओट्यावर, पत्र्यावर धान्य पसरून चांगलं कडक ऊन द्यायचं. दाणा दाताखाली धरून कट्‌ आवाज आला तरच ते वाळलं. मग कडुनिंबाचा वाळलेला पाला थराथरात. कडधान्यांना एरंडेलाचा हात. कुठे राख. इतकं करूनही श्रावणात हवा दमट झाली की सोंडे लागायचे. ज्वारीतून बारीक पाखरं उडायची, तांदळाला जाळी धरायची. मग दुपारी सगळ्या बायका सुपं घेऊन ओसरीवर. पाखडा, निवडा, परत ऊन द्या. माझ्या लहानपणच्या सगळ्या दुपारींना सुपाचा आवाज आहे.

यात गंमत वाटण्यासारखं काही नव्हतं. दोन पोती किडली म्हणजे दोन पोत्यांची भाकरी गेली, आणि तीही पावसाळ्यात, जेव्हा घरात पैसा नसतो. मायने डबा बादलीकडे नेला त्याच्यामागे हा सगळा हिशोब होता.

ही लढाई जगभर झालेली आहे. इजिप्तमधल्या जुन्या थडग्यांत धान्याबरोबर धान्यातले किडेही सापडलेत. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली आणि किडा पाहुणा म्हणून आला तो आलाच. पण या लढाईतली एक गोष्ट मला फार आवडली, ती फ्रान्सची.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला आंगुमुआ नावाचा प्रांत होता. अठराव्या शतकाच्या मध्यावर तिथे एका बारीक पतंगाने हाहाकार केला. हा पतंग दाण्यावर अंडी घालतो, अळी दाण्याच्या आत शिरते आणि आतूनच दाणा पोखरते. बाहेरून दाणा अगदी ठणठणीत दिसतो. लोक पीठ करायला जायचे तेव्हा हातात टरफलं यायची. १७६० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने दोन माणसं पाठवली. एक दुहामेल दु मोन्सो, झाडांवर आणि शेतीवर लिहिणारा नावाजलेला माणूस. दुसरा मॅथ्यू तिये, जो नोकरीने टांकसाळीचा अधिकारी होता आणि आवडीने गव्हाच्या रोगांवर प्रयोग करायचा. (वीकेंडला भलत्याच विषयात डोकं घालणारे लोक तेव्हाही होते तर.)

दोघांनी पतंगाचा सगळा जन्मक्रम पाहिला. अंडी कधी, अळी कधी, पाखरू कधी. १७६२ साली त्यावर पुस्तक काढलं. उपाय काय सुचवला? धान्य भट्टीत तापवा, इतकं की अळी मरेल. म्हणजे मायचं कडक ऊन, फक्त भट्टीतलं.

त्या पतंगाला आजही इंग्रजीत आंगुमुआचा पतंग असंच म्हणतात. आपल्याकडे ज्वारीतून उडणाऱ्या पाखरांत तोही असतो. त्याचं शास्त्रीय नाव सिटोट्रोगा. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत तो बाजू बदलणार आहे.

त्यासाठी आधी एका गांधीलमाशीला भेटू. गांधीलमाशी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर जी येते ती नव्हे. ही अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे पूर्णविरामाएवढी. ट्रायकोग्रामा. वेस्टवुड नावाच्या इंग्लिश कीटकशास्त्रज्ञाने १८३३ साली तिला हे नाव दिलं. ती माणसाला चावत नाही, पिकाला खात नाही. ती पतंगांची अंडी शोधते आणि त्या अंड्याच्या आत आपलं अंडं घालते. आतलं पिल्लू पतंगाचं अंडं आतूनच खातं. मग त्या अंड्यातून अळीऐवजी गांधीलमाशी बाहेर येते. थोडक्यात, पिकावरची अळी जन्माला येण्याआधीच संपते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा चांगलं काय हवं? अडचण एकच. या माश्या लाखांनी लागतात, आणि लाखो माश्या वाढवायच्या तर लाखो पतंगांची अंडी हवीत. ती रोज, वर्षभर, स्वस्तात कुठून आणायची?

१९२० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात स्टॅन्ली फ्लँडर्स नावाचा कीटकशास्त्रज्ञ अक्रोडाच्या बागांतल्या किडीसाठी हाच विचार करत होता. त्याने उत्तर शोधलं ते धान्याच्या कोठारात. सिटोट्रोगा! जो दाण्यात वाढतो, ज्याला फक्त धान्य लागतं, जो बंद खोलीत वर्षभर वाढतो आणि अंडी घालत राहतो. फ्लँडर्सने तो मुद्दाम धान्यावर वाढवला, त्याची अंडी गोळा केली आणि त्यांवर ट्रायकोग्रामा पोसली. १९३० साली त्याने ही सगळी रीत छापली. पुढे जगभर अशा माश्यांचे जे कारखाने निघाले, त्यांची मूळ कल्पना हीच.

म्हणजे बघा, ज्या पतंगाने फ्रान्समध्ये लोकांच्या तोंडची भाकरी पळवली, त्यालाच पावणेदोनशे वर्षांनी माणसं धान्य चारायला लागली. पतंग तोच, त्याची भूकही तीच. फरक इतकाच की आता ती भूक कोणाच्या कणगीत होती आणि तिच्याकडे कोण लक्ष ठेवत होतं.

आपल्याकडे हेच काम सिटोट्रोगाऐवजी दुसऱ्या पतंगाकडून करून घेतात. कॉर्सायरा. तांदळाला जाळी धरते ना, ती याच्या अळीची. आपल्या उष्ण हवेत मस्त वाढतो. भारतात १९७७ साली जैविक कीड नियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. त्याचं एक केंद्र आपल्या पुण्यात आहे, शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात. आपण सिग्नलला हॉर्न वाजवत उभे असतो, त्याच भागात आत कुठेतरी लोक किड्यांना जेवू घालत असतात. साखर कारखान्यांनीही उसाच्या खोडकिडीसाठी अशा प्रयोगशाळा काढल्या.

अशाच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी मामेबहीण काम करते. २०१८ च्या उन्हाळ्यात मी इंजिनियरिंगच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो होतो. तेव्हा तिने मला सगळं फिरवून दाखवलं. त्या वेळी मला फारसं कळलं नव्हतं. आता लिहायच्या आधी तिला फोन करून परत विचारून घेतलं.

ताईचं काम असं चालतं. ज्वारी, बाजरी किंवा मका भरडून घ्यायची. मग ती ओव्हनमध्ये तापवायची, म्हणजे आधीची कीड, माइट्स वगैरे मरतात. (तियेसाहेबांची भट्टी! अळी मारायला काढलेला उपाय आता अळीचं जेवण निर्जंतुक करायला.) गार झाल्यावर अडीच किलोच्या आसपास भरडा एका खोक्यात. त्यात शेंगदाण्याचा कूट, थोडं यीस्ट, माइट्स होऊ नयेत म्हणून थोडं गंधक, आणि जिवाणूंसाठी स्ट्रेप्टोमायसिन. वरून कॉर्सायराची अंडी भुरभुरवायची आणि झाकण लावायचं. पाच-सहा आठवड्यांनी पाखरं निघायला लागतात. ती रोज सकाळी एकेक करून गोळा करायची, जाळीचा तळ असलेल्या पिंपात सोडायची, मधाचं पाणी पाजायचं. अंडी जाळीतून खाली पडतात. ती चाळायची, पाखरांचे खवले उडवून साफ करायची.

मग अंड्यांवर अल्ट्राव्हायोलेट दिवा धरायचा. त्याने आतला जीव मरतो पण अंडं ताजं राहतं, म्हणजे ट्रायकोग्रामाला चालतं, आणि चुकून शेतात अळी निघायची भीती नाही. डिंक लावलेल्या कार्डावर ही अंडी चिकटवायची. एका कार्डावर १८ ते २० हजार. ते कार्ड ट्रायकोग्रामाच्या माश्यांबरोबर ठेवलं की तीन-चार दिवसांत अंडी काळी पडतात. काळी पडली म्हणजे काम झालं. सातव्या-आठव्या दिवशी त्यातून माश्या निघणार, त्याच्या आत कार्ड शेतात पोचलं पाहिजे. याला ट्रायकोकार्ड म्हणतात.

ताई तोंडाला मास्क बांधून काम करत होती, कोरोनाच्याही आधी. कारण पाखरांचे खवले हवेत उडतात आणि नाका-घशाला त्रास होतो. तिथल्या काही बायकांना त्याने दमा झाल्यासारखं होतं असं ती म्हणाली. आणि आणखी एक मजेशीर गोष्ट. या पाळलेल्या किडीलाही कीड लागते! ब्रॅकॉन नावाची दुसरी गांधीलमाशी खोलीत शिरली की कॉर्सायराच्या अळ्याच संपवून टाकते, आणि महिन्याभराची मेहनत जाते. "भाऊ, जनावर परवडलं," ताई म्हणाली. "म्हैस आजारी पडली तर कळतं तरी. हे एका रात्रीत गोठा रिकामा करतात."

पण मी मुळात ताईकडे कशाला गेलो होतो? ते सांगायचं तर कापसावर यावं लागेल.

खानदेश आणि कापूस हे जुनं नातं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. पण पांढरं सोनं हा शब्द डोक्यात बसला तो बसलाच. पुढे संकरित वाण आले, खतं आली आणि बोंडअळ्याही वाढल्या. मग फवारे. एका औषधाला अळी सरावली की दुसरं, मग तिसरं, मग दोन्ही एकत्र.

२००२ च्या मार्चमध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचा वाण आला. काही वर्षं खरंच बोंडअळी गेली, फवारे कमी झाले. आप्पांच्या तोंडून मी स्वतः ऐकलंय की त्या चार-पाच वर्षांसारखा कापूस कधी आला नाही. पण गुलाबी बोंडअळी हळूहळू सरावली. २०१७ च्या हंगामात ती महाराष्ट्रभर उसळली. ही अळी मोठी लबाड. अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि बोंड बाहेरून बंद. वरून कितीही फवारा, आत पोचत नाही.

आंगुमुआचा पतंग आठवला ना? अगदी तसंच. बाहेरून सगळं ठणठणीत, आत टरफल.

त्याच वर्षी यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो आजारी पडले. कापूस डोक्याच्या वर वाढलेला, त्यामुळे फवारा अंगावरच यायचा. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. तोंडाला रुमाल, एवढंच संरक्षण. पेपरात रोज बातम्या यायच्या.

आमची बातमी पेपरात आली नाही. ऑक्टोबरच्या एका दुपारी आप्पा फवारणी करून घरी आले आणि ओट्यावर बसले ते उठेनात. उलट्या, घाम, डोळ्यांपुढे अंधार. काकांनी मोटारसायकलवर मधे बसवून धुळ्याला नेलं. मी होस्टेलवर होतो, दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. मला फोन आला तो तिसऱ्या दिवशी, आप्पा घरी आल्यावर. "अभ्यासमा खंड नको," म्हणून सांगितलं नव्हतं.

मला आजही त्या सबमिशनचा विषय आठवत नाही. पण फोनवरचा आप्पांचा आवाज आठवतो. घोगरा, आणि वर हसण्याचा प्रयत्न करणारा.

पुढच्या वर्षी ताईने विचारलं, कार्डं लावून बघता का? गुलाबी बोंडअळीच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामाची एक जवळची जात चालते. शिफारस हेक्टरी दीड लाख, म्हणजे एकरी तीन कार्डं, आणि ती परत परत लावायची. ती कार्डं कुठे तयार मिळतील ते तिने शोधून दिलं. आप्पांनी पहिलं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "इतला बारीक किडा काय करी?"

कार्डं लावायचं काम मायचं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पट्ट्या कापून, पानांच्या खालच्या बाजूला स्टेपलरने टाचायच्या. माझ्या कॉलेजचा स्टेपलर त्यात कामी आला. मुंग्यांपासून सांभाळायचं, नाहीतर त्या अंडी घेऊन जातात. आणि मुख्य म्हणजे त्या दिवसांत फवारायचं नाही, कारण औषधाने अळीच्या आधी ही माशी मरते.

चमत्कार झाला असं मी लिहिणार नाही. एकदा कार्डं आणताना उशीर झाला, गाडीत उकडलं आणि माश्या डब्यातच निघून मेल्या. शेजारच्या शेतातला फवारा वाऱ्याने आमच्याकडे यायचा, तिथल्या दोन-चार ओळींत कार्डांचा काही उपयोग दिसला नाही. कार्डांबरोबर कामगंध सापळे लावले, डोमकळ्या तोडून जाळल्या, फरदड न घेता डिसेंबरातच पीक काढलं. या सगळ्यात कार्डांचा वाटा किती, ते वेगळं काढून सांगता येणार नाही. अळी आली, पण कमी आली. एवढं नक्की की आदल्या वर्षी आप्पांनी सात वेळा पंप पाठीला लावला होता, आणि त्या वर्षी तीन वेळा. मला तेवढं पुरेसं होतं. चार दुपारी तो माणूस विषाच्या ढगात उभा राहिला नाही.

तर परवा मी मायला हे सगळं सांगितलं. म्हणजे तिला कार्डं माहीत होती, तिनेच तर लावली होती. पण त्या कार्डावरची अंडी कशाची असतात हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटायचं ती कंपनीची काहीतरी पावडर. मी म्हटलं, "माय, ती तांदळाला जाळी धरणारी अळी आहे ना, ताई ती पाळते. तिला ज्वारीचा भरडा आणि शेंगदाण्याचा कूट घालते. तिच्या पाखरांची अंडी होती ती."

माय बराच वेळ गप्प. भाकरी थापत होती, हात तसाच थांबला. मग म्हणाली, "शेंगदाणासना कूट? अळीसले?" आणि मग, "म्हणजे तुन्ही ताई बी हाईच करस!"

मी हो म्हटलं.

मला खरं तर एवढंच सांगायचं होतं. आपल्या धंद्यात बग म्हणजे शोधायचा आणि मारायचा. १९४७ साली हार्वर्डच्या संगणकात सापडलेला पतंग वहीत चिकटवून ठेवला होता, ती गोष्ट आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. कणगीसमोर बसलेल्या बायकांचाही नियम तोच. पण दोन-अडीचशे वर्षं त्याच किड्याला नीट बघणाऱ्यांनी, तो कधी अंडी घालतो, काय खातो, कशाने मरतो हे टिपून ठेवणाऱ्यांनी, त्यातून दुसरा रस्ता काढला. तियेने पतंगाचा जन्मक्रम लिहिला तो त्याला मारायला. त्याच माहितीवर फ्लँडर्सने तो पाळला. आणि त्या साखळीच्या टोकाला कुठेतरी सोनगीरच्या दोन एकर कापसात माझी आई स्टेपलर घेऊन उभी होती. किड्याचा द्वेष करूनही त्याला ओळखावं लागतंच. सुपात दाणे पाखडणाऱ्या बायका त्याला माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं ओळखतात.

माय आठवडाभर राहिली. जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी उठलो तर ती फ्रीजपाशी उभी. मधला डबा उघडा. म्हटलं आता गेला. बघतो तर ती गाजराची वाळलेली चकती काढून नवीन टाकत होती. कोंडाही बदललेला. आमचा दुकानातला कोंडा तिला पसंत नव्हता, म्हणून घरून आणलेल्या दादरीचं पीठ चाळून त्यातला कोंडा घातला होता.

"याईसले ऊन नको दाखाडू," म्हणाली. "उन्हाने मरतीन."

तिच्याइतकं हे कोणाला माहीत असणार!

असो. ऑस्करसाहेब काचेला तोंड लावून बसलेत. पुढच्या वीकेंडला भेटूच.